दाजींचा ट्रॅक्टर मी थोडासाच उघडला होता

स्टोनी प्रेअरी, विस्कॉन्सिन
२९ जुलै, मंगळवार

प्रिय व्हर्नाताई,

धाकट्या भावाचा, एल्रॉयचा, कंबर वाकू देते तेवढा वाकून नमस्कार.

उत्तराला एवढा उशीर झाला, त्याची माफी मागूनच सुरुवात करतो. तुझी तीन पत्रे आली. पहिले एप्रिलमध्ये, दुसरे मेच्या अखेरीस आणि तिसरे गेल्या आठवड्यात, ज्यात "जिवंत आहेस का?" एवढीच ओळ होती. तर आहे. तिन्ही पत्रे स्वयंपाकघरात साखरेच्या डब्याखाली ठेवली आहेत आणि रोज सकाळी कॉफी घेताना ती माझ्याकडे बघतात. फोन करता आला असता हे मला कळते, पण फोनवर बोललेले खोडता येत नाही. हे पत्र मी चार वेळा खोडून पुन्हा लिहिले. (पाचव्यांदा तुझ्या भावजयीने, आर्डिसने, कागद लपवून ठेवले.) तुझी कंबर कशी आहे? डोळ्यांत थेंब वेळेवर घालतेस ना? डुलुथला सरोवरावरून येणारा वारा उन्हाळ्यातसुद्धा चांगला नसतो, कानाला रुमाल बांधत जा. आर्डिस बरी आहे. मीही बरा आहे असे डॉक्टर म्हणतो, पण तो तरुण आहे आणि सगळ्यांनाच तसे म्हणतो. माझ्या छातीत धडधडते, विशेषतः गराजचे दार उघडताना.

आता तुझ्या पहिल्या पत्राबद्दल. ते मला पाठ झाले आहे. रूबेनदाजी गेल्यावर दोन वर्षे तू त्यांचा छोटा लाल ट्रॅक्टर ताडपत्रीखाली ठेवलास, एप्रिलमध्ये तो माझ्याकडे पोहोचता केलास आणि लिहिलेस की, नऊ ऑगस्टला मका-दिवसाच्या मिरवणुकीत बागेच्या ट्रॅक्टरांच्या रांगेत तो पहिला असला पाहिजे, सव्वीस वर्षे असायचा तसा. "धू, तेल बदल, चालव. जमत नसेल तर तसे सांग, ड्वेनला देऊन टाकते." ताई, ड्वेन दाजींचा सख्खा पुतण्या आहे आणि मला कोणाबद्दल वाईट बोलायचे नाही. पण त्याने आपल्या बापाच्या ट्रॅक्टरचे काय केले ते मी पाहिले आहे. पुढचा भाग कापला, त्यात बर्फावर चालणाऱ्या गाडीचे इंजिन घातले, आणि आता ते वाहन कुंपण आल्याशिवाय थांबत नाही. गेला महिनाभर ड्वेन माझ्या घरावरून रोज गाडी हळू करून जातो, काच खाली घेतो आणि "काय मामा, जमतंय ना?" असे विचारतो. मी हात हलवतो. तो मागच्या सीटवर साखळ्या ठेवून फिरतो. ओढून न्यायच्या असतात तसल्या.

म्हणून तुला काळजी नको, सगळ्यात आधी सांगून टाकतो की ट्रॅक्टर ठीक आहे. तो चालतो. मधल्या काळात मी तो थोडासा उघडला होता.

आणि दुसरे म्हणजे, या वर्षी तू मिरवणुकीला नाही आलीस तरी चालेल. माझे हे म्हणणे निव्वळ तुझ्या तब्येतीसाठी आहे. बसचा प्रवास सहा तासांचा. ऊन फार आहे. गावच्या मुख्य रस्त्यावर खोदकाम चालू आहे आणि मका या वर्षी दाण्यात भरलेला नाही असे सगळे म्हणतात. आर्डिस फोटो काढून पाठवील. फोटोत सगळे दिसते.

उघडला का ते सांगतो. मे महिन्यात धुतल्यावर ट्रॅक्टरखाली पुठ्ठा घातला, कारण मला सवय आहे. दुसऱ्या दिवशी पुठ्ठ्यावर तेलाचा एक थेंब. मागच्या चाकांच्या मधोमध, गिअरच्या पेटीखाली. एकच थेंब, बटणाएवढा. दुसरा कोणी असता तर पुठ्ठा उचलून कॉफी प्यायला गेला असता. मी खुर्ची घेऊन समोर बसलो. मनात आले की हा थेंब मिरवणुकीत रस्त्यावर पडेल, मागून शाळेचा बँड येईल, पहिल्या रांगेतला कोणीतरी घसरेल, त्याच्यावर ढोलवाला पडेल, आणि वर्तमानपत्रात रूबेनदाजींचे नाव येईल. दोन दिवस मला जेवण गेले नाही. तिसऱ्या दिवशी मी पाना घेतला. फक्त मागचे चाक काढणार होतो. चाक निघाले तर आतला दांडा हलतो असे वाटले. तो हलताना चालवणे धोक्याचे म्हणून पेटी सोडवली. पेटी सोडवायची तर वरचे आसन, टाकी, पट्टे काढावे लागतात. टाकी काढल्यावर इंजिनाकडे हात पोहोचतो, आणि एकदा हात पोहोचला की माणूस बघतोच. जूनच्या पहिल्या रविवारी आर्डिस लिंबू सरबत घेऊन आली आणि तिने विचारले, "ट्रॅक्टर कुठे गेला?" मी म्हणालो, "हा काय." तिने गराजभर पाहिले आणि सरबत तिथेच ठेवून परत गेली.

तुला माहीत आहे, मी आठवीनंतर शाळेत गेलो नाही. कंपनीचे जाड पुस्तक आहे, पण त्यात एकेका स्क्रूला तीन तीन नावे आहेत, आणि चित्रात सगळे भाग हवेत तरंगत असतात, जणू स्फोट झालाय. ते चित्र बघूनच मला घाम फुटतो. म्हणून मी आपल्या वडिलांची पद्धत धरली. तळघराचे जुने दार दोन लाकडी घडवंच्यांवर आडवे टाकले आणि जो भाग जसा निघाला तसा, त्याच तोंडाने, त्याच क्रमाने त्यावर मांडत गेलो. डावीकडचे डावीकडे, उजवीकडचे उजवीकडे. पेटीच्या पोटातले मोठे दातेरी चाक मधोमध. दारावर एकही गोष्ट हलवायची नाही, शिंकायचे नाही. बारीक स्प्रिंगा आणि चिमट्या कॉफीच्या डब्यात. इंजिनावरचे झाकण काढले तर आत उंदराचे घरटे निघाले, मिरवणुकीतल्या रंगीत कागदी पट्ट्यांचे केलेले, आणि आत पाच पिल्ले. आता मी काय करणार? मी त्यांना चपलांच्या खोक्यात घालून कुंपणापलीकडे ठेवले. आठ दिवसांत ती सगळी स्वयंपाकघरात राहायला आली. आर्डिसने तुला याबद्दल काही लिहिले असेल तर ते वाढवून लिहिलेले आहे.

माझी मुख्य भीती ही की मी एकटा काम करत असताना पेटी अंगावर पडून मरेन आणि कोणाला कळणार नाही. म्हणून आर्डिसशी ठरवले, दर पाव तासाने ती स्वयंपाकघराच्या खिडकीतून बघेल आणि मी लाल फडके हलवीन. फडके दिसले नाही तर तिने अग्निशामक मंडळींना बोलवायचे. तीन आठवडे हे नीट चालले. मग एका बुधवारी एक गंजलेला बोल्ट पावणेदोन तासांनी सुटायला लागला, आणि अशा वेळी फडके कोणाला आठवते? भोंगा वाजत अख्खी गाडी अंगणात. आपले अग्निशामक म्हणजे कोण, तुला माहीतच आहे. मिल्टन खाटीक मुख्य, आणि बाकी पाच जण हातातले काम टाकून आलेले. मिल्टन शिरस्त्राण घालून दारात उभा राहिला.

"काय एल्रॉय, मेलास म्हणे?"

"अजून नाही."

"मग सकाळी सकाळी उगाच पळवलंस रे. गिऱ्हाईक तसंच सोडून आलोय."

पण गेला कोणीच नाही. सहाच्या सहा जण भाग मांडलेल्या दाराभोवती उभे राहिले. एक म्हणाला, हा दांडा उलटा आहे. दुसरा म्हणाला, उलटा नाही, तुझ्या बापाने उलटा बसवला होता म्हणून तुला तसं वाटतं. तिसऱ्याने सांगितले की दाजी हे काम हिवाळ्यात, चुलीजवळ बसून, दोन दिवसांत करायचे. माझा कितवा आठवडा आहे तेही त्याने विचारले. मी त्यांचे हातच बघत होतो. "हात लावू नका" असे मी सतरा वेळा म्हणालो, आणि ते सतरा वेळा "नाही लावत" म्हणाले, हातात काही ना काही धरून. शेवटी आर्डिसने खिडकीतून ओरडून सांगितले, "मेला नाही ना? मग आत या, रुबार्बचा केक कापलाय!" तेव्हा कुठे गराज मोकळे झाले. केकही. त्या दिवसापासून मी फडके मनगटालाच बांधतो.

एवढ्यात जुलै लागला आणि चर्चच्या बायकांची जुन्या सामानाची विक्री आली. ती दर वर्षी आमच्या गराजमध्ये असते, कारण आमचे गराज रस्त्याला लागून आहे आणि आर्डिस नाही म्हणत नाही. मी म्हणालो, या वर्षी नको. बायकांची मुख्य मार्लिस आहे (मिरवणुकीच्या रांगाही तीच लावते, म्हणून तिच्याशी वाद घालायची माझी छाती नाही). ती म्हणाली, "एल्रॉय, तुझ्या त्या भंगाराच्या केसालाही धक्का लागणार नाही." दोन दिवस मी बागेच्या खुर्चीवर बसून पहारा दिला. तरी जेवायला गेलो तेवढ्यात माझा स्प्रिंगांचा कॉफीचा डबा विकला गेला. कोणाला, तर पलीकडच्या गावच्या एका गृहस्थाला, ज्याला फक्त डबा आवडला होता. मी त्याच्या घरी गेलो तेव्हा त्याने स्प्रिंगा कोंबड्यांच्या खुराड्याच्या दाराला लावायला काढल्या होत्या. दोघे अंगणात उभे. तो म्हणे, वस्तू विकत घेतलेली आहे. मी म्हणे, आमच्या दाजींचे काळीज आहे ते. शेवटी आर्डिसच्या जॅमच्या दोन बरण्या देऊन काळीज परत आणले. एक स्प्रिंग मात्र कोंबडीने नेली. तिच्या जागी मी पेनातली घातली आहे.

तर असे करत करत, गेल्या गुरुवारपर्यंत सगळे परत बसवले. दारावर एकही भाग उरला नाही, याचीच मला सगळ्यात जास्त भीती वाटली, कारण ऐकले आहे ते असे की काहीतरी उरतेच. मग ट्रॅक्टरची मागची चाके ओंडक्यांवर उचलून ठेवली, पाण्याची बादली आणि वाळूची बादली जवळ घेतली, मिल्टनकडून उसने आणलेले शिरस्त्राण घातले, किल्ली फिरवली आणि लायलॅकच्या झुडपामागे पळालो. आधी नुसता खोकला. मग धूर. मग तो आवाज. ताई, तुला तो आवाज माहीत आहे. एका सिलिंडरचा, मधेच एक ठोका गाळणारा. आर्डिस पीठ लागलेल्या हातांनी मागच्या दारातून बाहेर आली, पायरीवर थांबली आणि म्हणाली, "रूबेन आला की काय?" इंजिन सात मिनिटे चालले. मी झुडपामागून घड्याळ लावले होते.

तेव्हा काळजी करू नकोस. ड्वेनला काही देऊ नकोस, काही कळवूही नकोस. ऊन उतरले की सप्टेंबरमध्ये निवांत ये, तेव्हा रस्ताही झालेला असेल.

तुझा,
एल्रॉय

ता.क. वर मी "चालतो" असे लिहिले आहे, ते खोटे नाही. कुठल्या दिशेने ते लिहायचे राहिले. तो मागे चालतो.

रविवारी चर्चहून आल्यावर त्याला ओंडक्यांवरून उतरवले, आसनावर बसलो, पहिला गिअर टाकला आणि दाजींसारखा क्लच अगदी हळू सोडला. समोर उघडे दार, अंगण, मोकळा रस्ता. मागे भिंत आणि आर्डिसच्या बीटच्या बरण्यांची फळी. फळी गेली. आर्डिस धावत आली, तर मी लाल पाण्यात बसलेलो. ती किंचाळली, मी किंचाळलो, आणि तिने फोनकडे धाव घेतली ती मी "बीट! बीट!" असे ओरडून थांबवली. मग दुसरा गिअर टाकून पाहिला. तो जास्त वेगाने मागे जातो. तिसरा पाहिला नाही. आता या ट्रॅक्टरला मागे जायचे तीन गिअर आहेत आणि पुढे जायचा एक, तोही रिव्हर्स टाकल्यावर.

मला वाटले माझे डोके गेले. मार्लिस विक्रीची रिकामी खोकी न्यायला आली तेव्हा कळले. "आम्ही काहीसुद्धा हलवलं नाही रे! तू जेवायला गेलास तेव्हा चौघींनी मिळून अख्खं दार उचललं, फ्रीजरला अडत होतं म्हणून नुसतं फिरवून ठेवलं. एक खिळा सरकला नाही." खरेच सरकला नव्हता. फक्त डावीकडचे उजवीकडे आणि उजवीकडचे डावीकडे झाले होते, आणि पेटीतल्या मोठ्या दातेरी चाकाचे तोंड फिरले होते. मी ते जसे मांडलेले दिसले तसे श्रद्धेने बसवले. तिला काही बोललो नाही. रांगा ती लावते.

दुसरे ता.क. तू म्हणशील, मग पुन्हा उघड. ताई, उघडायला आणि मिटायला मला दहा आठवडे लागले आणि उरलेत अकरा दिवस. दाराच्या भोवती पुन्हा ती मंडळी जमली तर मी तो कधीच मिटू शकणार नाही. आणि नऊ तारखेला ट्रॅक्टर रांगेत नसला तर तू तो ड्वेनला देशील. तुझा शब्द मला माहीत आहे. लहानपणी तू एकदा म्हणालीस, पुन्हा दूध सांडलंस तर तुझ्याशी बोलणार नाही, आणि नाताळपर्यंत बोलली नाहीस. आता आपण दोघेच उरलो आहोत. या वयात नाताळपर्यंत मला परवडणार नाही.

मिरवणुकीचा वेग माणसाच्या चालीएवढा. तेवढा पुढे जायला रिव्हर्सचा एक गिअर पुरतो. बघणाऱ्याला काही कळणार नाही. अडचण हाताची आहे. मी सोमवारी अंगणात बारा वेळा सराव केला. थांबायचे, पुन्हा निघायचे, जसे मिरवणुकीत होते. बारापैकी सात वेळा हात आपोआप पहिल्या गिअरवर गेला आणि मी मागे. मिल्टनला बसवले. तो हसला, "एवढं काय त्यात," म्हणाला, आणि लायलॅकमध्ये गेला. पुन्हा बसला, पुन्हा लायलॅकमध्ये. "हा हात माझं ऐकत नाही रे!" असे म्हणून तो हाताकडे बघत घरी गेला. आर्डिस तर नऊ वर्षांची असल्यापासून नांगरते. ती तिन्ही वेळा टोमॅटोत. इथे जो तो ट्रॅक्टरवरच मोठा झालेला, आणि आपल्या मागे शाळेचा बँड असतो. काल दिवसभर मला त्या सगळ्यात मोठ्या पितळी वाद्याखाली कोण चिरडला जाईल याचीच चित्रे दिसत होती.

तिसरे ता.क. हेच खरे म्हणजे सगळ्यात आधी लिहायला हवे होते.

वर ऊन, खोदकाम, मका वगैरे जे लिहिले ते सोडून दे. ऊन नेहमीचेच आहे. ताई, तू ये, आणि ट्रॅक्टर तूच चालव.

मी दोन दिवस संपूर्ण तालुका मनातून फिरून आलो. ज्याच्या हाताला चुकीची सवय नाही असे माणूस एकच सापडले. आपल्या वडिलांनी ट्रॅक्टर मला आणि माझ्या पाठच्या, आता गेलेल्या भावाला दिला, तुला स्वयंपाकघरात ठेवले. दाजींनी तर एक्केचाळीस वर्षांत तुला या लाल ट्रॅक्टरच्या आसनावर एकदाही बसू दिले नाही. तू धूळ पुसायचीस, मिरवणुकीत सँडविचची पिशवी घेऊन शेजारून चालायचीस, आणि एकदा हौसेने पाय वर टाकलास तर ते सगळ्यांसमोर म्हणाले, "अगं उतर, खेळणं आहे का ते?" तू हसून उतरलीस. मी तिथेच होतो आणि मीही हसलो. त्याची माफी मी उशिराच मागतोय.

तुला मी सांगेन, पुढे जायचे तर ही दांडी इकडे. तू इकडेच टाकशील, कारण तुला दुसरे काही माहीतच नाही. ब्रेक उत्तम आहे. तू एक्क्याऐंशीची आहेस हे मला ठाऊक आहे. मी शेजारून चालेन, सगळा रस्ताभर, इंजिन बंद करायच्या बटणावर बोट ठेवून. शुक्रवारी आठ तारखेच्या बसने आलीस तर संध्याकाळी अंगणात सराव होईल. टोमॅटो तसेही गेलेलेच आहेत.

येणार की नाही ते लगेच कळव. मार्लिसला रांगेसाठी चालवणाऱ्याचे नाव सोमवारपर्यंत हवे आहे आणि मी ते अजून कोरे ठेवले आहे. दाजी उंच होते, त्यांच्या मापाच्या आसनावरून तुझे पाय पोहोचले नसते. काल चार बोल्ट काढून मी ते खाली आणि पुढे घेतले. आता त्यावर मला बसता येत नाही, मिल्टनला येत नाही, ड्वेनला तर मुळीच येणार नाही. तेव्हा लवकर कळव.